इनोकेच्या घराचं दार बंद होतं

साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. त्या वर्षी बेटांच्या राजधानीत, सुवात, तांदूळ महागला, पीठ महागलं, घासलेट महागलं, आणि टिनातली मच्छी, जी आजवर आळशी बायकांचं जेवण म्हणून बदनाम होती, ती एकदम पाहुण्यांपुढे ठेवण्याच्या लायकीची झाली. दूर कुठेतरी अरबांनी तेल अडवलं आहे, असं वर्तमानपत्रात यायचं. शहरातल्या रायवांगा वस्तीतल्या बायकांचं अरबांशी काही वाकडं नव्हतं, पण दुकानदाराने तराजू उचलला की त्या अरबांच्या नावाने बोटं मोडत.

त्याच वर्षी मोआला बेटावरून आलेल्या एका बाईने त्या वस्तीतल्या अकानीसीला निरोप दिला. "तुझ्या आईला आता धड दिसत नाही गं. मला चहा दिला तो कपाच्या शेजारी ओतला. आणि वर म्हणते, घे ना, गार होईल."

सांगताना बाई हसली. अकानीसीही हसली. मग आत जाऊन तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले.

आईचं नाव विलीमाइना, पण नातवंडं झाल्यापासून सगळे तिला बूबूच म्हणत. बूबू म्हणजे आजी. सुवाच्या मोठ्या इस्पितळात डोळ्यांवरचा पडदा काढून देत आणि त्याला पैसे पडत नसत. पैसे पडत ते बोटीला. म्हातारीला एकटीला कोण चढवणार, कोण उतरवणार? कुणीतरी जाऊन आणायला हवं होतं. अकानीसीच्या थोरल्या मुलीला, लोसाला, बूबूने तान्ही असताना मांडीवर घेतलं होतं. धाकट्या माकेरेताला तर पाहिलंच नव्हतं, आणि आता लवकर आणली नाही तर पाहणारही नव्हती.

"मीच गेलो असतो," अकानीसीचा नवरा इनोके म्हणाला, "पण कसं जाणार?"

हे खरं होतं. त्यांच्याकडे जावई सासूशी थेट बोलत नाही. मान ठेवायचा असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इनोकेने सासूला जे काही सांगायचं ते बायकोच्या तोंडून सांगितलं होतं. बोटीवर शेजारी शेजारी बसून, उलटी होत असतानासुद्धा एकमेकांशी बोलायचं नाही, हे त्याला झेपणारं नव्हतं. तेव्हा जायचं अकानीसीने. आणि पैसे काढायचे स्वयंपाकघरातून, कारण घरात दुसरीकडून काही निघण्यासारखं नव्हतं. इनोके जमीन-कचेरीत कारकून होता. जानेवारीत तो वरिष्ठ लिपिक झाला होता. हुद्दा आला होता. पगार अजून वाटेत होता.

"देशाची योजना असते," इनोके कमरेची सुलू, म्हणजे लुंगी, घट्ट करत म्हणाला, "मग घराची का नसावी?"

त्याने कचेरीतले रद्द कागद आणले आणि त्यांच्या पाठीवर आठवड्याचा बेत मांडला. सोमवारी अळूची पानं. ती ओढ्याच्या काठची, म्हणून फुकट. नारळाचं दूध एकाच नारळाचं, आणि तोच चोथा मंगळवारी पुन्हा पिळून त्यात कसावा. बुधवारी शेजारच्या सुखदेईने शिकवलेली डाळ. गुरुवारी अर्धा टिन मच्छी आणि पुष्कळ कांदा. शुक्रवारी उरलेला अर्धा टिन आणि त्याहून पुष्कळ कांदा. शनिवारी बाजार उठता उठता स्वस्तात मिळणारी माशांची डोकी. रविवारी चर्चहून आल्यावर मेंढीच्या बरगड्यांचे चरबीदार तुकडे, का, तर रविवार आहे. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: ताटं चार.

"माणशी दीड अळकुडी म्हणजे काय?" अकानीसीने विचारलं. "वरची अर्धी कुणाला?"

"ती तरतूद आहे," इनोके म्हणाला.

उरलेले पैसे दूध-पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकायचे ठरले. डब्यावर लोसाने बोटीचं चित्र चिकटवलं.

योजना उत्तम होती. तिच्यात एकच चूक होती. तिच्यात दार धरलं नव्हतं.

त्या गल्लीत जेवताना दार सताड उघडं असायचं, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची असायची: "माई काना!" ये, जेव. ओळखीचा असो की नसो, पोस्टमन असो की भांडण झालेली शेजारीण असो, पुढ्यात अन्न आहे आणि रस्त्यावर माणूस आहे म्हटल्यावर हाक गेलीच पाहिजे. आणि जाणाऱ्याने हसून म्हणायचं, "जेवलोय, जेवलोय, चालू द्या." त्याच्या पोटात सकाळपासून काही नसलं तरी म्हणायचं हेच. इतकी साधी गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या चालली होती.

फक्त वाइसाके मोमोला दुसरा अर्धा भाग मान्य नव्हता.

मोमो म्हणजे मामा. तो नक्की कुणाचा मामा हे गल्लीत कुणाला सांगता आलं नसतं, पण सगळे त्याला मोमो म्हणत. बेटांच्या बोटींवर तो स्वयंपाकी होता. उभा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात गेला. आता बायको गेल्यावर गल्लीच्या टोकाच्या एका खोलीत एकटा राहायचा आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला निघायचा. ते पाय नेमके इनोकेच्या दाराशी येऊन मोकळे होत.

"माई काना, मोमो!"

"जेवलोय तसा," मोमो पायरीवर चपला काढत म्हणायचा, "पण तू इतकं म्हणतेस तर."

सोमवारी अर्ध्या अळकुडीची तरतूद मोमोने संपवली. मंगळवारी त्याने चव घेऊन विचारलं, "हे दूध दुसऱ्या पाण्याचं का गं?" बुधवारी तो मोआलाच्या बोटीवरच्या एका जुन्या सोबत्यालाही घेऊन आला. डब्यात त्या आठवड्यात जे पडलं, ते वाजवून पाहायची लोसाला लाज वाटली.

गल्लीत गोष्ट लपत नाही. कुंपणापलीकडून सुखदेईने सल्ला दिला. सुखदेईचा नवरा बस चालवायचा, आणि घरात सहा पोरं असल्यामुळे स्वस्त स्वयंपाकात तिचा शब्द शेवटचा मानत.

"तिखट कर," ती म्हणाली. "डोळ्यांतून पाणी येईल असं. दुसऱ्या दिवशी फिरकला तर नाव बदलीन."

अकानीसीने तिच्याच परसातल्या मिरच्या डाळीत ठेचून घातल्या. मुली रडल्या, इनोकेला उचकी लागली. मोमोने तीन वाट्या डाळ ओरपली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "किती वर्षांनी तोंडाला चव आली बघ! सुखदेईची ना ही रीत? उद्याही अशीच कर."

"आता तुला काय म्हणू, दीदी?" अकानीसीने सकाळी कुंपणापाशी विचारलं.

"गप बस," सुखदेई म्हणाली. "त्याची जीभ बोटीवरच्या वाफेने मेलीय, त्याला मी काय करणार?"

मग लवकर जेवून पाहिलं. ऊन अंगणात असतानाच. पण कांदा परतल्याचा वास दडपता येत नाही. मग मागच्या बाजूला, स्टोव्हशेजारी उकिडवं बसून जेवून पाहिलं. तिथून रस्ता दिसत नव्हता, म्हणजे रस्त्यावरचा माणूसही दिसणार नव्हता. पण अकानीसीला पावलं ऐकू आली, आणि पावलं ऐकूनही गप्प बसणं तिला जमेना.  शेवटी तिने हळूच, ताटाशी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "माई काना."

"आलो आलो," रस्त्यावरून आवाज आला. "आज मागे बसलात होय!"

त्या दिवशी इनोकेने ताट बाजूला सारलं आणि कचेरीतल्या आवाजात जाहीर केलं, "उद्यापासून दार बंद."

अकानीसी त्याच्याकडे बघतच राहिली. त्या गल्लीत उजेड असताना दार लावतात ते घरात कुणी फार आजारी असलं तर, किंवा त्याहून वाईट काही झालं तर. पण तिच्या डोळ्यांपुढे कपाच्या शेजारी सांडणारा चहा होता. तिने मान डोलावली.

दुसऱ्या संध्याकाळी दार लागलं. खिडक्याही लागल्या. पत्र्याखाली घर भट्टीसारखं तापलं. मुलींना चमचे वाजवायचे नाहीत म्हणून बजावलं. जेवणाआधीचं गाणं, जे एरवी चारही जणं छप्पर उडेल इतक्या मोठ्याने म्हणत, ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. अन्न पुरलं. चक्क उरलं. बाहेर पावलं आली, पायरीपाशी थांबली, बराच वेळ थांबली आणि गेली. बंद दार कुणी ठोठावत नसतं.

"गेला मोमो," लोसा कुजबुजली.

"जेव," अकानीसी म्हणाली. स्वतः तिने उरलेलं झाकून ठेवलं. तिला भूक नव्हती.

डबा मात्र जड व्हायला लागला, आणि इनोकेला हुरूप आला. आता त्याची नजर घासलेटवर गेली. अळू इतका वेळ का शिजवायचं? पानं मऊ दिसली की झालं, असं त्याने पाहून ठरवलं आणि अकानीसी पाणी आणायला गेली असताना स्टोव्ह बंद केला. ज्याने कधी कच्चं अळू खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. मुलींनी एकच घास घेतला आणि थुंकला. इनोकेने शास्त्र सिद्ध करायचं म्हणून ताटभर खाल्लं. सकाळी त्याचे ओठ सुजून पावासारखे झाले होते, घशातून आवाज निघत नव्हता. वरिष्ठ लिपिकाला असं तोंड घेऊन कचेरीत जाता येईना. तो उशीत तोंड खुपसून घरात पडून राहिला.

सुखदेईने रोज बंद दार पाहिलं, गाणं ऐकू आलं नाही, आणि आता दोन दिवस इनोके बसकडे जाताना दिसला नाही. ती मागच्या दाराने आली. अकानीसीने फट उघडली. नुकतेच कांदे चिरल्यामुळे तिचे डोळे लाल झाले होते.

"काय झालं गं?"

"यांना बरं नाही," अकानीसी म्हणाली, आणि इनोकेचे सुजलेले ओठ दिसू नयेत म्हणून तिने फट घाईने लावून घेतली.

सुखदेई तडक मोमोकडे गेली. "डोळे रडून सुजलेत तिचे," ती म्हणाली, "आणि मला आत घेतलं नाही. मला!"

मोमोने टोपी काढली. मग तीच पुन्हा डोक्यावर घालून तो रेडिओ-कचेरीत गेला, कारण बेटावरच्या माणसांना काही कळवायचं तर रेडिओवरच्या संध्याकाळच्या निरोपांशिवाय दुसरा मार्ग नव्हता. खिडकीतल्या तरुण कारकुनाने विचारलं, "जन्म की मृत्यू?"

"दार बंद आहे," मोमो म्हणाला.

"काका, असा रकाना नाही. जन्म झालाय?"

"नाही."

"मग झालं," म्हणत कारकुनाने उरलेल्या रकान्यात खूण केली.

त्या संध्याकाळी चौघं बंद दाराआड बसली होती. पुढ्यात माशाच्या डोक्यांचा रस्सा होता, रेडिओ अगदी बारीक लावला होता. निरोप सुरू झाले. कुणाची तरी डुकरं बोटीने येत होती. कुणाला तरी मुलगी झाली होती. मग निवेदक आवाज खाली आणून म्हणाला, "मोआला येथील नातेवाइकांस कळावे, रायवांगा, सुवा येथील इनोके, जमीन-कचेरीतील कनिष्ठ लिपिक, यांचे निधन झाले आहे."

रश्श्यातून वाफ येत होती. 

"कनिष्ठ?" इनोके म्हणाला. गेल्या दोन दिवसांत त्याच्या घशातून निघालेला तो पहिला शब्द होता. "जानेवारीपासून मी वरिष्ठ आहे!"

"लोसाचे बाबा," अकानीसी म्हणाली, "तुम्ही मेलाय असं म्हणतायत."

"ते ऐकलं मी. पण हुद्दा तरी नीट सांगायचा!"

तेवढ्यात बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. अकानीसीने उठून दार उघडलं.

अंगणात गल्ली बसली होती. चटया अंथरून, आवाज न करता, कधीपासून कोण जाणे. कसाव्याच्या गोणी होत्या, घासलेटचा डबा होता, एक डुक्कर खांबाला बांधलेलं होतं, आणि सुखदेईच्या मोठ्या पातेल्यात डाळ होती. सगळ्यांत पुढे मोमो. त्याने दारातल्या इनोकेकडे पाहिलं, सुजलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि एका उडीत पायऱ्या चढून त्याच्या गळ्यात पडला.

"मेलास ना रे तू?"

"नाही," इनोके घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग दार का लावलंस?"

इनोकेने दाराच्या बिजागरीकडे पाहिलं. बिजागरी बिघडली, असं काहीतरी तो म्हणणार होता. त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य तयार झालेलं अकानीसीला दिसलं. तिने त्याला बोलू दिलं नाही. तिने सगळं सांगितलं: आईचे डोळे, बोट, डबा, ताटं चार.

 मोमोचे हात इनोकेच्या खांद्यावरून खाली आले. तो वाकून पायरीवरच्या चपला शोधायला लागला, आणि एका पायात दुसऱ्या पायाची चप्पल घालायला लागला.

"माझं काय," तो म्हणाला, "मी जेवलोच होतो तसा. रोजच जेवलेला असायचो."

 अकानीसी दारात उभी राहिली आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना जाईल अशा आवाजात ओरडली, "माई काना!"

मग काय! पाणी घालून रस्सा वाढला, डुक्कर कापलं, डाळ संपली. आणि मयताला आलेल्या लोकांना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, मग मयत स्वतः वाढायला उभं असलं तरी. साखर, चहा, पाव, तांदूळ, सगळं दुकानातून आलं. डबा उपडा केला. बोटीचं चित्र तेवढं त्याच्यावर राहिलं. रात्री भांडी घासताना अकानीसी गाणं गुणगुणत होती, आणि मधेच थांबून रिकाम्या डब्याकडे पाहत होती.

पुढे आठवडाभर इनोके जिवंत असल्याचं सिद्ध करत हिंडत होता. रेडिओ-कचेरीत तोच तरुण कारकून म्हणाला, "साहेब, जन्म आणि मृत्यू एवढंच आहे. मेला नाही असा रकाना नाही."

"मग जन्म लिहा!"

"तुमच्या वयाचं बाळ कसं लिहू? असं करा, तुमच्या वरिष्ठांकडून लिहून आणा की तुम्ही हयात आहात."

वरिष्ठ रजेवर होते. कचेरीत इनोकेच्या खुर्चीवर दुसराच बसला होता. तो उठला, पण हारासाठी गोळा केलेले पैसे आता कुणाला परत द्यायचे यावर वाद झाला आणि शेवटी हार इनोकेलाच दिला. तो बसमधून मांडीवर हार घेऊन घरी आला. कंडक्टरने हळूच विचारलं, "कोण गेलं, साहेब?"

"मी," इनोके म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

अखेर दुरुस्ती वाचली गेली, त्यात 'वरिष्ठ लिपिक' हे दोनदा आलं. पण मोआलावर ती कुणी ऐकलीच नाही. त्या गावात रेडिओ एकच होता, आणि गावच्या लेकीचा नवरा गेला म्हटल्यावर सुतकात रेडिओ लावणार कोण? त्यांनी तो फडक्यात गुंडाळून ठेवून दिला होता.

पुढच्या आठवड्यातली संध्याकाळ. दार उघडं. योजनेप्रमाणे तो अळूचा वार होता, पण नीट शिजवलेलं. योजना तेवढीच उरली होती. मोमो पायरीवर बसून नीरफणस भाजत होता, कारण आता तो रोज काहीतरी हातात घेऊन यायचा आणि हाक येईपर्यंत आत पाऊल टाकायचा नाही. अकानीसी मागे नारळ पिळत होती. रस्त्यावरून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी येत होती. मोआलाच्या बोटीवरचा तो मोमोचा सोबती तिला हाताला धरून आणत होता, आणि तिच्या पाठीवर गुंडाळलेली मोठी केवड्याच्या पानांची चटई होती, मयताला नेतात तशी. अंधुक उजेडात कोण ते इनोकेला ओळखू आलं नाही. पुढ्यात अन्न होतं आणि रस्त्यावर माणूस होतं.

"माई काना!" तो ओरडला.

म्हातारी जागच्या जागी थांबली. हा आवाज तिने पूर्वी पुष्कळदा ऐकला होता, पण आजवर तो कधी तिच्याशी बोलला नव्हता.

"कोण बोलावतंय मला?" तिने शेजारच्या माणसाला विचारलं. "ज्याच्यासाठी रडायला आले, तोच?"

आता इनोकेने तिला ओळखलं, आणि जावयाने सासूला थेट हाक मारल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याने तोंडावर हात दाबला. "लोसाची आई!" तो हाताआडून ओरडला. "इकडे ये! माझ्या वतीने माफी माग!"

अकानीसी ओले हात घेऊन धावत आली. बूबूने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग लोसाचा, मग माकेरेताचा. तो चेहरा नवा होता म्हणून त्याच्यावर हात जास्त वेळ फिरले. "ही ती?"

"हीच ती."

"मेलं कोण?"

"कुणी नाही, आई. दार बंद होतं म्हणून लोकांना तसं वाटलं."

"मग दार का बंद होतं?"

अकानीसीला रडू फुटलं. "तुला आणायला."

बूबूने थोडा विचार केला. गावाने वर्गणी काढून तिला बोटीत बसवलं होतं, चार बायकांनी चटई विणून दिली होती, आणि वाटेत ती रीतसर दोन दिवस रडली होती. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आधी जेवते. नंतर कुणासाठी रडायचं ते ठरवा."

तिच्या डोळ्यांवरचा पडदा इस्पितळात काढला. पट्टी सोडल्यावर तिने पहिल्यांदा माकेरेताला पाहिलं, मग मागे उभ्या जावयाकडे पाहून अकानीसीला म्हणाली, "त्याला सांग, फार बारीक झालाय." मोआलाला परतल्यावर ती आणखी पुष्कळ वर्षं जगली आणि चहा कपातच ओतत राहिली. मोमो एका संध्याकाळी पाय मोकळे करायला आला नाही, तेव्हा अकानीसीच भात घेऊन त्याच्या खोलीवर गेली. तो गेला होता. त्याची अंत्ययात्रा इनोकेच्या घरातून निघाली. सुखदेईचं कुटुंब सत्त्याऐंशीच्या लष्करी बंडानंतर इतर भारतीय कुटुंबांसारखं सिडनीला गेलं. तिथे दारं सदा बंद असतात, अशी तिची तक्रार प्रत्येक नाताळच्या फोनवर असते. लोसा परिचारिका झाली, डोळ्यांच्याच वॉर्डात. माकेरेता बोटींच्या कचेरीत तिकिटं फाडते.

बूबूने आणलेली चटई परत नेली नाही. ते सगळे तिच्यावरच जेवत. मधल्या भागावर डाळीचे आणि रश्श्याचे इतके डाग पडले की नक्षी कोणती आणि डाग कोणते ते ओळखता येईना.

इनोके खरोखर गेला तो अठ्ठ्याण्णव साली, झोपेत. रेडिओवर 'निवृत्त वरिष्ठ लिपिक' असं अगदी बरोबर वाचलं, पण गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. लोक जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले, आणि मग दार पाहायला आले. दार उघडं होतं. अकानीसी त्याच चटईवर बसली होती, आणि एकेकाला हाक मारत होती.